४ लिटर पाण्याच्या संदेशाबाबत खुलासा

‘पहाटे उपाशीपोटी एका दमात ४ लिटर पाणी प्यायल्यास डोक्याचा जडपणा जातो’ हा संदेश लातुरातील विद्यार्थ्यांच्या गटांवर फिरत असून, तो पुढे पाठवणाऱ्यांत मीही होतो, ही माझी चूक. मूत्रपिंडे तासाला साधारण १ लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून बरेच अधिक पाणी झपाट्याने पोटात गेल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून डोकेदुखी, मळमळ आणि उलट गोंधळलेपणाच वाढू शकतो, हे शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले आहे. मराठवाड्याच्या उन्हात पाणी कमी पडले की लक्ष लागत नाही, एवढे खरे. त्यासाठी दप्तरात बाटली ठेवून दिवसभर तहानेनुसार पीत राहावे. रात्री २ पर्यंत जागून पहाटे ५ ला शिकवणीला निघणाऱ्याचा जडपणा मात्र झोपेनेच उतरेल. तो कित्येक आठवडे टिकल्यास डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, बी-१२ व थायरॉईड तपासावे. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.