डबा रिकामा परत देऊ नये

जुना कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलंत, उत्तम. पण शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो हे आपल्याकडचे संस्कार. ते कॉम्प्युटरच्या बाबतीतच का सोडायचे? तेव्हा हार्ड डिस्क पुसायच्या भानगडीत पडू नका. भरलेली जाऊ द्या.

आणि ती भरलेली असते तरी किती! डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर (4)', त्यात अख्ख्या घराच्या आधार आणि पॅन कार्डांचे स्कॅन. शेजारी 'पासवर्ड' याच नावाची फाइल, म्हणजे घेणाऱ्याला शोधाशोध नको. गृहकर्जासाठी स्कॅन केलेली सही, रद्द केलेला चेक, आयकराची विवरणपत्रं, आईचे रक्ताचे रिपोर्ट. शिवाय चिरंजीवांचा लग्नाचा बायोडेटा: जन्मवेळ, गोत्र, पगार आणि मामांचा मोबाइल नंबर. एवढं गोळा करायला एखाद्या भामट्याला महिनोन् महिने खपावं लागलं असतं. तुम्ही ते रिक्षात घालून पोचतं केलंत.

रुखरुख लागलीच तर फाइली डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा. काही बिघडत नाही. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद खोडणं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा 'काका, फॉरमॅट मारून देतो' म्हणाला तर खुशाल मारू द्या. क्विक फॉरमॅटही नोंदवहीच कोरी करतं, आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशा डिस्कवरून तुमच्या महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो उकरून काढू शकतं. काळजी एकच घ्या: 'क्विक'पुढची टिक कुणाला काढू देऊ नका. ती काढली की व्हिस्टापासूनचं विंडोज फॉरमॅट करताना सगळीकडे शून्यं लिहीत सुटतं. विंडोज 10 आणि 11 रीसेट करतानाही 'क्लीन डेटा' असा एक आगाऊ पर्याय असतो. तिकडे बघूच नका.

आपण एकटेच असे, असा न्यूनगंड नको. एमआयटीतल्या गारफिंकेल आणि शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून 158 डिस्क विकत घेतल्या आणि 2003 साली निष्कर्ष छापले. चालू निघाल्या 129, नीट पुसलेल्या फक्त 12. एक तर चक्क एटीएममधली होती. आणि मॉर्गन स्टॅन्ली ही केवढी बँक! जुनी यंत्रं निकालात काढायला तिने सामान हलवणारी कंपनी नेमली, जिला डेटा नष्ट करण्याचा काडीचा अनुभव नव्हता. त्यातली काही ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. 2022 साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने दंड केला 3.5 कोटी डॉलर. तुम्हाला एवढा खर्च येणार नाही. तुमचं खातं रिकामं झालं की हिशेब मिटला.

आता प्रत्येक घरात एक जाणकार असतोच. तो सांगेल, 'डिस्क 35 वेळा पुसली पाहिजे.' याचं जरूर ऐका. 1 टीबीच्या डिस्कला एका फेरीला दोन-तीन तास, म्हणजे 35 फेऱ्यांना तीन-चार दिवस. दुसऱ्या फेरीतच वीज जाईल, कंटाळून तुम्ही डिस्क आहे तशी देऊन टाकाल आणि जाणकाराचाही मान राहील. हा 35चा आकडा संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या 1996च्या निबंधातला. तो तेव्हाच्या नाना तऱ्हेच्या डिस्कांसाठी होता, आजच्या डिस्कला एवढं लागत नाही, हे खुद्द गटमन यांनीच नंतर सांगून टाकलंय. सर्वसाधारण हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नीट लिहिलं तरी पुरतं. पण हे जाणकाराला सांगू नका, बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क असेल तर मात्र हाच फेऱ्यांचा उद्योग हौसेने करा. तिथे नवं लिखाण जुन्याच जागी पडेल याची खात्री नसते. चिपमधल्या साठवणाऱ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून ती ते भलतीकडेच ठेवते. तुम्ही दमाल, थोडा डेटा कोपऱ्यात सुखरूप राहील. तिला पुसायला सिक्युअर इरेज ही खास आज्ञा असते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधली डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारी सोय, पहिल्या दिवसापासून चालू ठेवली असती तर नुसती किल्ली नष्ट करूनही भागलं असतं. इतक्या सोप्या कामात कसलं आलंय समाधान?

कॉम्प्युटर न्यायला आलेल्याने विचारलं, 'आत काही महत्त्वाचं नाही ना?' तर 'छे, सगळं डिलीट केलंय,' असं ठणकावून सांगा. कपाटात जुना फोनही पडला असेल. बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर तोही देऊन टाका, सिमकार्डासकट.