डोंगरावर परत कोण जाणार?

परवा आमच्या कॉलेजचा एका आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर सामंजस्य करार ठरला. विषय मुंबईच्या वस्त्यांमधलं पाणी आणि बायकांचं आरोग्य. आमची मुलं घरोघर फिरून फॉर्म भरणार, विश्लेषण तिकडे होणार. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतोय. आनंद मलाही झाला. उपनगरातल्या कॉलेजला संशोधनासाठी पैसा मिळणं किती अवघड असतं, ते पंधरा वर्षं बघतेय. पण रात्री कराराचा मसुदा वाचला आणि झोप उडाली.

एम.ए.ला असताना मी अशाच एका सर्व्हेत इन्व्हेस्टिगेटर होते. भांडुपचा डोंगर, मे महिना, दिवसाला आठ फॉर्म. एका घरी मावशींनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि पाऊण तास उत्तरं दिली. पहिलं मूल गेलं तेही सांगितलं. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "गेल्या वर्षी पण एक मुलगी हेच सगळं लिहून घेऊन गेली गं. त्याचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. सुपरवायझरनाही माहीत नव्हतं. आमचा अहवाल दोन वर्षांनी आला, इंग्रजीत. तो घेऊन डोंगरावर कोणी गेलं नाही. मीसुद्धा नाही, आणि हे मला अजून टोचतं.

त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : पाणी आणायला जाऊन-येऊन किती मिनिटं लागतात? मावशींचा नळ दारापासून वीस पावलांवर. मी 'पाच' लिहिलं. पण पाणी यायचं पहाटे चारला, तासभर. त्यासाठी मावशी साडेतीनला उठून हंडे रांगेत लावायच्या, मग आठला कामावर. इतक्या वर्षांची ती मोडलेली झोप लिहायला फॉर्मवर रकानाच नव्हता. माझ्या 'पाच मिनिटां'मुळे त्या घरी पाण्याचा त्रास नाही असंच कागदोपत्री झालं असणार. प्रश्न ठरवताना वस्तीतल्या दोन बायकांना जरी बसवलं असतं, तरी हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं.

बाहेरच्यांशी भागीदारी नको, असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या शहरात तिने केवढं काम केलंय! देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून उभी केली. आशियातल्या कितीतरी देशांची मुलं लोकसंख्याशास्त्र शिकायला तिथे आली. पवईची आयआयटी १९५८ला सुरू झाली, ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. उपकरणं आली, तज्ज्ञ आले आणि परतही गेले, पण संस्था आणि शिकलेली माणसं इथे राहिली.

आयआयपीएसच्याच देखरेखीखाली १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरं झाली. त्या फेरीतली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासलं, की आकडा त्या बाईला तिथल्या तिथे सांगायचे. फारच कमी असेल तर दवाखान्यात जायला सांगायचे. तिच्या अंगातली गोष्ट आधी तिला कळायची, मग दिल्लीला.

याच सर्व्हेची कच्ची माहिती अभ्यासक मात्र अनेक देशांत असे आरोग्य सर्व्हे करणाऱ्या, अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाच्या वेबसाइटवरून घ्यायचे. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तो कार्यक्रम थांबला आणि माहितीसाठी नवे अर्ज घेणंही थांबलं. आपल्या बायकांनी दिलेली उत्तरं, आणि ती बघायची तर कुलूप दुसऱ्याच्या दाराला! म्हणून आमच्या मसुद्यात 'सर्व डेटा भागीदार संस्थेकडे राहील' हे वाक्य वाचलं तेव्हा मी पान उलटू शकले नाही.

आणि निष्कर्ष लोकांना सांगणं हा काही माझा हट्ट नाही. वैद्यकीय संशोधनाच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २०१३पासून स्पष्ट लिहिलंय, की सहभागी झालेल्यांना निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय मिळाला पाहिजे.

मी प्राचार्यांना पत्र दिलंय. डेटाची पूर्ण प्रत कॉलेजकडे राहावी. प्रश्नावली आधी वस्तीत बसून तपासावी. फॉर्म भरणाऱ्या मुलांची नावं अहवालात छापावीत. आणि काम संपल्यावर चार पानी मराठी-हिंदी निष्कर्ष घेऊन त्याच गल्ल्यांमध्ये परत जायचं, वाचून दाखवायचं, बायका काय म्हणतात ते लिहून आणायचं. या शेवटच्या कामाचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून हवा, कारण 'उरले तर बघू' म्हटलं की काही उरत नाही. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, एवढ्या अटी घातल्या तर ते दुसरं कॉलेज बघतील." बघतीलही. पण मग त्या कॉलेजनेही हेच मागायला हवं.

सोमवारी बैठक आहे. तुमच्यापैकी कोणी सर्व्हेत फॉर्म भरले असतील, किंवा तुमच्या घरी येऊन कोणी भरून नेले असतील आणि पुढे काहीच कळलं नसेल, तर खाली लिहा. नाव नको, वस्ती आणि साल पुरे. मी ते छापून बैठकीत ठेवणार आहे.