म्हणे पुढची दरड २०३७ ला!

आमच्या गावकीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तो फिरत फिरत पोलादपूरकडच्या काकीच्या मोबाइलवर पोचला, आणि डोंगराच्या कुशीतलं घर सोडून पावसाळ्यापुरतं खाली लेकीकडे राहायला जायचं तिने रद्द केलं. "सोळा वर्षं काय होत नाय," म्हणाली.

मेसेज म्हणतो: महाड-पोलादपुरात दरड सोळा वर्षांनी येते. २००५ झालं, २०२१ झालं, आता २०३७ पर्यंत निर्धास्त राहा. शिवाय आपली वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नाही, डोंगरावर झाडी आहे, आणि महाड बुडालं ते कोयनेचं पाणी सोडल्यामुळे.

दोन तारखांची वजाबाकी केली की झालं भविष्य तयार! अरे, २००५ ला दरडी पडल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवत्यात. २०२१ ला तळियेत, आणि आपल्याच पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीत. गावं वेगळी, उतार वेगळे. एका डोंगराने वर्षं मोजून दुसऱ्याला टाळी दिली की काय? याच सह्याद्रीत २०१४ ला माळीण गेलं, २०२३ ला इर्शाळवाडी. ती कुठल्या पाढ्यात बसतात? कातळावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो खाली येतो. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा पाऊस पुढच्या आषाढातही होऊ शकतो, २०३७ ची वाट बघत बसणार नाही.

यादीचा मुद्दा तर जीवघेणा आहे. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे खुद्द सरकारनेच दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितलं. तिथे सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. यादीत नाव असेल तर हला, हे बरोबर. नाव नाही म्हणून झोपा, हे कोणी सांगितलं? अंगणात नवी भेग दिसली, विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तलाठ्याला फोन नंतर करा, आधी माणसं बाहेर काढा.

झाडांचं थोडं खरं आहे. मुळं वरची माती धरतात. पण थर मुळांच्या खालून सुटला की झाडांसकट येतो. इर्शाळगडाच्या पायथ्याला जंगल नव्हतं का?

राहिली कोयना. पोफळीच्या वीजगृहातून निघालेलं कोयनेचं पाणी वाशिष्ठीत जातं, म्हणजे चिपळूणकडे. चिपळूणकर त्यावर भांडतात, ते भांडू देत. महाडला सावित्री आहे. वरून घाटाचं पाणी आणि खालून बाणकोट खाडीची भरती, एवढं महाड बुडवायला पुरतं. सावित्री आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, एवढंच काय ते नातं.

ॲडमिनने मेसेज उडवावा, आणि त्या जागी तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाचा नंबर टाकावा.