कादंबरीत लेखकाची टिपणवही दिसली की माझं मन उडतं

परवा मैत्रिणीनं विचारलं, हल्लीच्या कादंबरीकारांत तुझं लाडकं कोण आणि कुणी निराश केलं? दोन्हीला मी एकच नाव सांगितलं. भालचंद्र नेमाडे.

हॉस्टेलवर त्यांची 'कोसला' हाती आली, तेव्हा ती १९६३ सालची आहे हे डोक्यातही आलं नाही. आम्ही चौघी महिनाभर तिच्यातल्यासारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलत होतो, मेसच्या काकू पार वैतागल्या. नायकाची धाकटी बहीण मनी जाते ती पानं मला आजही सलग वाचता येत नाहीत.

म्हणून २०१० मध्ये 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' आली तशी विकत आणली. सहाशेच्या घरात पानं. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खंडेराव मोरगावला निघतो, ती सुरुवात काय झकास आहे! पण पुढं जाती, पंथ, पिकं, म्हणी, सोयरेधायरे यांची अशी रीघ लागते की त्या गर्दीत खंडेराव मला सापडेनासाच झाला. एक सर म्हणायचे, 'अडगळ' हे लेखकानं नावातच सांगून ठेवलंय, मग तक्रार कसली? अहो, अडगळीची खोली मलाही आवडते. पण पानच तिथं वाढलं तर घास कसा उतरणार? नंतर दोनदा पुन्हा बसले. सुटे तुकडे अफाट आहेत, हे कबूल. अख्खी कादंबरी काही झेपली नाही.

आता अभ्यास करून लिहिलेलं मला चालतच नाही असं नाही. कविता महाजनांची 'ब्र' घ्या. आदिवासी भागात बाई सरपंच झाली की पुढं तिचं काय होतं, हे प्रफुल्लाच्या मागं मागं फिरत आपल्याला कळत जातं. त्यांच्याच 'भिन्न'मध्ये मात्र एचआयव्हीची माहिती इतकी अंगावर येते, की त्यातल्या बायका मागं राहतात. निदान मला तरी तसं वाटलं.

धरणाचं तर घरचंच उदाहरण आहे. मामीचं माहेर वारणेच्या धरणात गेलं. त्यामुळं विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आमच्याकडं पोथीसारखी वाचली गेली. खैरमोडे गुरुजी, कचेरीचे हेलपाटे, मोबदल्याचे कागद. माहिती तिच्यातही ठासून भरलीय, पण प्रत्येक कागदापाशी कुणीतरी माणूस ताटकळत उभा आहे. (याच लेखकाची 'संभाजी' वाचताना मात्र वाक्यं फार नटलेली वाटली. 'पानिपत' वाचून शाळेत रडले होते, ती गोष्ट वेगळी.)

आणि मग कृष्णात खोतांची 'रिंगाण', जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापितांचीच गोष्ट. मागं राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा जुन्या गावाकडं परत जातो. किती गावं उठली, किती एकर बुडालं, यातलं काही आता मला सांगता यायचं नाही, पण ती म्हैस डोळ्यांसमोरून हलत नाही. मामीला वाचून दाखवायला बसले होते. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "बास कर गं. आमची तांबू बी तितंच ऱ्हायली." उरलेलं मी एकटीनं वाचलं.

श्याम मनोहरांवर फार लिहीत नाही, भांडणं होतात. 'कळ' वाचून वेडी झाले होते. पुढं पुढं सगळी पात्रं एकाच आवाजात विचार करायला लागली आणि मी गळले.

सध्या मात्र मला विचाराल तर नंदा खरे. पेशानं सिव्हिल इंजिनिअर. 'अंताजीची बखर' वाचलीय का? अठराव्या शतकाचा एवढा इतिहास पोटात घेऊन हा माणूस चक्क हसवतो, आणि बखरीची भाषा अशी चालवतो की लेखकाला दम लागलाय असं एकदाही वाटत नाही. 'उद्या' त्याच्या अगदी उलट टोकाची. पाळत, कंपन्या, मुलींची घटलेली संख्या. तिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. २०२२ मध्ये ते गेले.

'उद्या'ची माझी प्रत ऑफिसातल्या एका मित्राकडं आहे. दोन वर्षं झाली. बाबा रे, ही पोस्ट वाचत असशील तर सोमवारी डब्याबरोबर घेऊन ये.