हेन्रिक स्टेन्सनचे दोन हिशेब

हेन्रिक स्टेन्सनचे नाव निघाले की हल्ली चर्चा लगेच सौदी पैशावर येते. मार्च २०२२ मध्ये त्याने रायडर कपसाठी (युरोप विरुद्ध अमेरिका ही गोल्फची सांघिक लढत) युरोपीय संघाचे कर्णधारपद स्वीकारले, चार महिन्यांत तो सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या, जुन्या टूरशी टक्कर घेणाऱ्या लिव्ह गोल्फ मालिकेत गेला आणि कर्णधारपद काढून घेतले गेले. त्याच महिन्याअखेरीस बेडमिन्स्टरला लिव्हमधली आपली पहिलीच स्पर्धा जिंकून त्याने चाळीस लाख डॉलर खिशात घातले. या प्रकरणात मी त्याच्या बाजूचा नाही. पण त्या एका निर्णयावरून त्याची अख्खी कारकीर्द जोखणे मला पटत नाही, कारण इतक्या खाली घसरून, तेही दोनदा, इतक्या वर चढलेला दुसरा गोल्फर मला चटकन आठवत नाही.

गॉथेनबर्गच्या या खेळाडूने २००१ मध्ये युरोपियन टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकली आणि जवळजवळ लगेचच त्याचा ड्रायव्हर (लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्याची काठी) हातातून गेला. चेंडू कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा राहिला नाही. त्याच वर्षी आयर्लंडच्या के क्लबवर तो नऊ होल खेळून चालता झाला. पीट कोवेन या प्रशिक्षकाबरोबर त्याने स्विंग पुन्हा उभा केला आणि २००६ मध्ये, त्याच के क्लबवर, युरोपला रायडर कप मिळवून देणारा पट (ग्रीन म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून चेंडू ढकलण्याचा फटका) त्याच्याच हातून पडला. २००९ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिप त्याने जिंकली. त्यानंतर पुन्हा घसरण झाली. २०१२ च्या सुरुवातीला जागतिक क्रमवारीत तो २३० वा होता. पुढच्याच वर्षी फेडेक्स कप (अमेरिकी टूर) आणि रेस टू दुबई (युरोपियन टूर) ही हंगामाची दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. होलच्या सुरुवातीला, टीवरून, बहुतेक जण ड्रायव्हर काढतात तिथेही तो अनेकदा थ्री-वुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, ताब्यात ठेवायला सोपी काठी) वापरायचा. काहींना ही त्याची लकब वाटते. मला त्यात पहिल्या पडझडीने दिलेले शहाणपण दिसते. (चिखलातला चेंडू मारण्यासाठी डोराल येथे अंतर्वस्त्रापर्यंत कपडे उतरवणाराही हाच, ‘आइसमॅन’ टोपणनावाचा स्टेन्सन, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आणि मग १७ जुलै २०१६, स्कॉटलंडचे रॉयल ट्रून मैदान. ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या फेरीत स्टेन्सन फिल मिकलसनपेक्षा एका फटक्याने पुढे होता. पहिल्याच होलवर त्याने तीन पट घेऊन बोगी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) केली, मिकलसनने बर्डी (एक कमी) केली आणि आघाडी गेली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या होलवर स्टेन्सनने बर्डी केल्या, तरी अकराव्या होलवरच्या बोगीनंतर दोघे पुन्हा बरोबरीत आले. चौदाव्यावर तो एका फटक्याने पुढे गेला. पंधराव्यावर ग्रीनबाहेरून सुमारे पन्नास फुटांवरून त्याने पटरने ढकललेला चेंडू उतारावर वळत सरळ होलमध्ये गेला, आणि माझ्या मते सामना तिथेच फिरला. सोळाव्यावर आणि अठराव्यावर आणखी बर्डी. दहा बर्डी, दोन बोगी, एकूण ६३. चार फेऱ्यांचे २६४ फटके हा त्या वेळी कुठल्याही मेजरमधला, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या मोजक्या स्पर्धांमधला, नीचांक होता.

त्या दिवशी मिकलसन हरला नाही, त्याला हरवले गेले. शेवटच्या फेरीत एकही बोगी न करता ६५ फटके घेऊनही तो तीन फटक्यांनी मागे राहिला आणि तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्याच्याही मागे अकरा फटक्यांवर होता. १९७७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये टर्नबेरीच्या लढतीत टॉम वॉटसनकडून हरलेल्या जॅक निकलसनेच ट्रूनची लढत आपल्या लढतीपेक्षा सरस ठरवली, यापेक्षा मोठी साक्ष काय हवी? तोपर्यंत एकाही स्वीडिश पुरुषाने मेजर जिंकली नव्हती. आनिका सोरेनस्टॅमने महिलांच्या दहा मेजर जिंकलेल्या असल्याने हे विधान ‘पुरुष’ या शब्दाशिवाय करता येत नाही, हेही नमूद करायला हवे.

आता दुसरा हिशेब. लिव्हमध्ये जाणे हा त्याचा व्यावसायिक निर्णय होता. अनेकांनी तो घेतला आणि चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूने मोठी रक्कम स्वीकारली म्हणून मी नाक मुरडणार नाही. माझा आक्षेप कर्णधारपदाबाबत आहे. ते स्वीकारताना दिलेल्या शब्दाला इतर खेळाडूंपेक्षा जास्त वजन होते, आणि तो देताना जुन्या टूर आणि लिव्ह यांच्यातला झगडा कुठे चालला आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे मानणे अवघड आहे. कर्णधारपद काढून घेतल्यावर त्याने निर्णयाशी असहमती नोंदवली. ती मला पोकळ वाटली. युरोपने त्याच्या जागी ल्यूक डोनाल्डला नेमले आणि २०२३ मध्ये रोममध्ये अमेरिकेला साडेसोळा विरुद्ध साडेअकरा असे हरवले. त्या विजयात स्टेन्सनचा वाटा नाही, आणि तो नसण्याची जबाबदारी त्याचीच आहे.