‘एक गोळी खा, मजेत राहा’: अर्धं खरं, बाकी घातक

“एचआयव्ही आता बीपी-शुगरसारखाच. रोज एक गोळी खा, मजेत राहा. डिप्रेशन वगैरे मनाचे खेळ. मुलाला अठराचा होईपर्यंत काही सांगू नका, शाळेला मात्र आधीच कळवा. आणि डोक्याच्या गोळ्या एआरटीबरोबर चालत नाहीत.” एचआयव्ही असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये हा मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट दिसत नाही, म्हणून तर तो बिनदिक्कत पुढे ढकलला जातो.

“बीपी-शुगरसारखाच.” औषधाच्या बाबतीत बरंचसं खरं. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, २००४ पासून मोफत आहे. आज बहुतेक मोठ्या मुलांना टीएलडी ही तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी मिळते. ती नियमित घेतली तर विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबतो आणि लैंगिक संबंधातूनही पसरत नाही. पण शुगरची गोळी कुणी दप्तराच्या तळाशी लपवत नाही. एआरटीची बाटली हॉस्टेलवर खुळखुळते, लेबल कुणीतरी वाचतं. मग लेबल खरवडलं जातं, गोळ्या कागदात बांधल्या जातात आणि पावसाळ्यात सर्दावतात. सहलीला गेलं की दोन-तीन दिवस गोळीच नाही.

तीसपैकी दोन गोळ्या राहिल्या तरी घेतलेल्या गोळ्यांचं प्रमाण ९३ टक्क्यांवर येतं, आणि एआरटी केंद्रात ९५ च्या खालचा आकडा ही धोक्याची खूण मानतात. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर हे औषध एखाद-दुसरी चूक पोटात घालतं, आठवडेच्या आठवडे नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, १००० च्या वर गेला की समुपदेशन होतं आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. इथेच घोळ होतो. आईसमोर विचारलं, “गोळ्या घेतोस ना?” तर उत्तर ‘हो’च येणार. मुलाला एकट्याला विचारावं: “गेल्या आठवड्यात किती राहिल्या? तेव्हा कुठे होतास?” खरी माहिती दुसऱ्या प्रश्नात असते: मेस, मामाचं घर, क्लास. अडचण गोळीची नसते, त्या जागेची असते. रात्री नऊला खोलीत चौघे असतील तर वेळ बदलून सकाळी आंघोळीआधीची करा. ही गोळी जेवणाआधी, नंतर, कधीही चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. सकाळी घेतल्याने कुणाकुणाची उडालेली झोपही परत येते. प्रवासाला दोन-तीन दिवसांपुरत्या गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत न्याव्यात, बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्याव्यात.

“मनाचे खेळ.” लपवाछपवीतून एकटेपणा, त्यातून उदासी, उदासीतून ‘घेऊन तरी काय करायचंय’. गोळी सुटते ती अशी. उदासी मोजता येते. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर बेरीज बाजूला ठेवायची, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं आणि मुलाला एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७. दोन्ही मोफत.

“अठरापर्यंत सांगू नका.” हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची सूचना उलट आहे: शाळकरी वयातच, म्हणजे सहा ते बारा वर्षांत, टप्प्याटप्प्याने सांगावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘रक्तात एक जंतू आहे, ही गोळी त्याला झोपवते’ एवढं पुरतं. दहा-बाराच्या सुमारास आजाराचं नाव. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्यानं, मग ती आजी का असेना, समुपदेशकाला सोबत घेऊन सांगावं. परीक्षेच्या आठवड्यात नको. सांगून झालं की काम संपत नाही, आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने बोलायचं. “मला हा कुणामुळे झाला?” हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आधी ठरवून ठेवा, आणि त्यात आईला आरोपी करू नका. न सांगितलेलं मूल बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतं. तेव्हा जवळ कुणी नसतं.

“शाळेला कळवा.” अशी सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीमुळे शाळाप्रवेश नाकारता येत नाही, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. भेदभाव झाला तर याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बड्समन) तक्रार करता येते. डबा, बाक, खोकला, खेळ यांतून एचआयव्ही पसरत नाही. रक्त आलं तर हातमोजे घालून जखम धुवायची, आणि ती प्रत्येक मुलाची तशीच. मग कळवून सुरक्षित कोण होतं? २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीग्रस्त मुलं शाळेत आली म्हणून बाकीच्या पालकांनी आपली मुलं पाठवणं थांबवलं होतं. एखाद्या शिक्षिकेला विश्वासात घ्यायचं असेल तर मुलाला विचारून घ्या.

“डोक्याच्या गोळ्या चालत नाहीत.” म्हणजे मानसिक आजारावरच्या. पण उदासीवरच्या सर्ट्रालिन, एसिटालोप्राम टीएलडीबरोबर सर्रास दिल्या जातात. जपायचं ते कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन या फिटवरच्या औषधांना, ती डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी खाली आणतात. उलट एआरटीच्या जुन्या गोळीतलं इफाविरेन्झ हे औषध स्वतःच भयंकर स्वप्नं आणि उदासी आणू शकतं, अजून ते चालू असेल तर बदलाबद्दल एआरटी केंद्रात विचारा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना एआरटीच्या बाटलीचा फोटो दाखवा, आणि तिकडची चिठ्ठी एआरटीच्या डॉक्टरांना.