अलिबाग-मुरुड सहलीच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार ताई,

अलिबाग-मुरुडच्या सहलीला दोन स्टार देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. जंजिऱ्यात पाऊण तासच मिळाला, होडीचे पैसे वेगळे द्यावे लागले, आणि संकष्टी असूनही अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीपुढून तुम्हाला ‘हाकलून बाहेर काढले’, अशा आपल्या तक्रारी आहेत. आपल्याला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नागपूरहून रात्रभर गाडीत बसून, गेटवेहून मांडव्याची बोट धरून एवढ्या दूर जायचे आणि मनासारखे दर्शन होऊ नये, याचे वाईट वाटणारच.

पण सहलीसोबत असलेल्या आमच्या पोराने कोणाला हाकलले नाही. ते मी सांगितलेच पाहिजे.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला चारही बाजूंनी पाणी असते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचे म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, थोडाफार वेळ इकडेतिकडे होतो, पण संकष्टीला पायी दर्शन घ्यायचे तर ते सकाळीच. म्हणून आदल्या रात्री जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगितले होते की साडेसातला खाली जमायचे. बाकी मंडळी जमली. आपल्या खोलीतली मंडळी पावणेनऊला खाली आली. लेकरे होती, उपासाचे पाहायचे होते, मला समजते. तेव्हाही कोणी आपल्याला एक शब्द बोलले नाही. पण किल्ल्यातला सव्वा तास तिथेच गेला, आणि तो अभिप्रायात कुठेच नाही.

आपण लिहिले की बाहेर आलो तेव्हा वाळू तर कोरडीच होती, मग घाई कशाची? ताई, भरती एकसारखी चढत नाही. पहिल्या तासात पाणी थोडेसेच सरकते, तिसऱ्या-चौथ्या तासात सपाट्याने वाढते. कोरडी वाळू दिसते तेव्हाच निघावे लागते. आपल्यासोबत सत्तरीच्या काकू होत्या, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले एक काका होते. खडकांवर शेवाळ असते, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावातल्या पाण्यासारखे ते पाणी जागेवर थांबत नाही. तो मुलगा आवाज चढवून बोलला असेल, पण जबाबदारीपोटी बोलला.

भरतीला होड्या असतात, हे आपले बरोबर आहे. पण त्या पाणी पुरेसे भरल्यावर. तोवर थांबलो असतो तर रेवदंड्याचा पूल आणि काशीद करत राजपुरीला पोचेपर्यंत जंजिरा हातचा गेला असता. आणि जंजिरा चुकला असता तर आपणच, योग्यच, रागावला असता.

गणपतीचे तर मलाही लागते. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले ते देऊळ, आतले गणेश पंचायतन, शेजारची गोड्या पाण्याची पुष्करणी. हे सगळे शांतपणे पाहावे असेच आहे. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या किल्ल्यांपैकी हा एक, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा कणा. म्हणूनच आम्ही हा किल्ला सहलीत ठेवतो. पुष्कळ सहली तो किनाऱ्यावरूनच दाखवून पुढे निघतात.

जंजिऱ्याचे थोडक्यात सांगतो. तिथे वेळ होडीवाले ठरवतात, जी होडी नेते तीच परत आणते. एकोणीस बुरूज, कलाल बांगडी तोफ आणि तलाव एवढ्या वेळात धावतपळतच होतात, हे खरे आहे. होडीचे तिकीट वेगळे, हे पत्रकात दुसऱ्या पानावर छापलेले आहे. पद्मदुर्ग मुरुडच्या किनाऱ्यावरून दाखवू असेच म्हटले होते आणि दाखवलाही.

ताई, नागपूरच्या महाल भागातले आमचे ऑफिस लहान आहे. पावसाळ्यात जंजिरा बंद, मांडव्याची बोट बंद. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जे होते त्यावर आमचे आणि त्या मुलाचे घर चालते. आपला अभिप्राय वाचून नोंदणी केलेले लोक फोनवर विचारत आहेत की तुम्ही म्हाताऱ्यांना हाकलता काय. त्याचे फार लागले.

पुढच्या सहलीपासून भरती-ओहोटीच्या वेळा लेखी देऊ, होडीचे तिकीटही पहिल्या पानावर घेऊ, आणि बोलण्याच्या पद्धतीकडे लक्ष देऊ. आपण कधीही ऑफिसला या, सोबत काकूंनाही आणा. आणि हे वाचून पटले तर किल्ल्याबद्दलचे ते एक वाक्य तेवढे बदला, ही विनंती. स्टार दोनच राहिले तरी चालतील.